बरणी जिवंत ठेवणारी माणसं

२०१८ साली बेल्जियममधला एक बेकर कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातल्या व्हाइटहॉर्स या गावी जाऊन पोचला. अलास्काच्या शेजारी असलेल्या युकॉन प्रदेशाचं हे राजधानीचं गाव. बेकरचं नाव कार्ल दे स्मेट. त्याला तिथून थोडं आंबलेलं पीठ न्यायचं होतं, आणि ते होतं आयोन क्रिस्टेन्सन यांच्या घरातल्या बरणीत.

आयोनबाईंना तिकडे सगळे ओळखतात. १९७५ मध्ये त्या व्हाइटहॉर्सच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, पुढे युकॉनच्या कमिशनर झाल्या, १९९९ पासून काही वर्षं कॅनडाच्या सिनेटमध्ये होत्या. या सगळ्या धबडग्यात त्यांनी ती बरणी मरू दिली नाही. आंबवण त्यांच्याकडे आलं आईकडून, आणि आईच्या घराण्यात ते आलं होतं आयोनबाईंच्या पणजोबांबरोबर, १८९८ साली, क्लॉन्डाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्या लोंढ्यातून. म्हणजे दे स्मेट दारात उभा राहिला तेव्हा त्या आंबवणाला एकशे वीस वर्षं झाली होती. आयोनबाई त्याचे वॉफल करत होत्या, जसे त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या.

तो १८९८चा प्रवास कसा होता हे समजून घेतल्याशिवाय या बरणीची किंमत कळत नाही. क्लॉन्डाइक नदीच्या परिसरात १८९६ मध्ये सोनं सापडलं, बातमी बाहेरच्या जगात पोचायला वर्ष गेलं, आणि मग सुमारे लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. वाटेत चिलकूटची खिंड. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांची चौकी होती. वर्षभर पुरेल एवढा शिधा बरोबर असल्याशिवाय ते कोणाला पुढे सोडत नसत. शिधा, तंबू, हत्यारं असं सगळं मिळून माणशी जवळजवळ एक टन ओझं व्हायचं. शेवटच्या चढावर जनावर चालत नसे. बर्फात खोदलेल्या पायऱ्यांवरून माणसं तेच सामान पाठीवर घेऊन पुन्हापुन्हा चढत-उतरत राहिली. त्या ओझ्यात पिठाची पोती होती, आणि पोत्यांतल्या पिठाची भाकर फुगवायला आंबवण होतं. थंडी उणे चाळीस अंशांवर जाई. आंबवण गोठू नये म्हणून लोक ते कपड्यांच्या आत, अंगाशी बाळगत आणि रात्री पांघरुणात घेऊन झोपत. त्या मुलखात ज्याने एक अख्खा हिवाळा काढला, त्याला लोक ‘सावरडो’, म्हणजे आंबवणच, म्हणू लागले.

आज पुण्यामुंबईत, नाशिकला, पणजीला अनेक घरांत फ्रीजच्या दारात किंवा ओट्याच्या कोपऱ्यात अशी एखादी काचेची बरणी दिसते. तिला रबर लावलेलं असतं, आंबवण कुठपर्यंत चढलं ते कळावं म्हणून. बहुतेकजण त्याला सरळ ‘स्टार्टर’ म्हणतात. मीही तसंच म्हणेन.

या बरणीत असतं काय? पीठ आणि पाणी, बस. पिठात धान्याबरोबर आलेले यीस्ट आणि जिवाणू आधीपासून असतात. पाण्याने पीठ भिजलं की त्यातली विकरं पिष्टाची साखर करतात आणि या जिवांची जेवणाची सोय होते. यीस्ट वायू सोडतं, त्याने ब्रेड फुगतो. लॅक्टिक जिवाणू आम्लं तयार करतात, त्याने चव येते आणि नको ते जंतू दूर राहतात. चांगल्या, मुरलेल्या स्टार्टरमध्ये एका यीस्टमागे साधारण शंभर जिवाणू असतात. म्हणजे आपण ज्याला ब्रेड फुगवणारं म्हणतो, ते मुळात जिवाणूंचं गाव आहे आणि यीस्ट तिथे थोडंसंच राहतं.

शून्यातून स्टार्टर उभं करताना एक टप्पा येतो, आणि नवशिक्यांना त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिश्रण एकदम उसळून वर येतं. माणूस हरखतो. पण ती उसळी यीस्टची नसते. ल्यूकोनॉस्टॉक आणि तशाच काही जिवाणूंनी सोडलेल्या वायूची ती करामत असते, आणि वासही उग्र, नकोसा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं निपचित पडतं. बुडबुडा नाही, हालचाल नाही. बहुतेक बरण्या याच दिवसांत मोरीत रिकाम्या होतात. खरं तर तेव्हाच आत मोठी घडामोड चाललेली असते. आम्लता वाढत असते, तिला न टिकणारे जिवाणू बाद होत असतात, आणि आम्ल सोसणारे लॅक्टिक जिवाणू व रानटी यीस्ट हळूहळू जम बसवत असतात. त्या दिवसांत रोज थोडं काढायचं, तेवढंच ताजं पीठ-पाणी घालायचं आणि थांबायचं, एवढंच माणसाच्या हाती असतं. दहा-बारा दिवसांत बरणीतून पिकल्या सफरचंदासारखा, ताज्या दह्यासारखा वास येतो आणि मिश्रण ठरल्या वेळी चढायला, ठरल्या वेळी उतरायला लागतं. माझ्या मते नातं जडतं ते या निपचित दिवसांत. पहिल्या उसळीवर भाळलेला माणूस पुढे टिकत नाही. काही दिसत नसताना ज्याने खायला घातलं, तो टिकतो.

आणि एकदा ते चालू झालं की ते उत्तर देतं. उशिरा खायला दिलं तर वर करडं पाणी साचतं. फार उपाशी ठेवलं तर नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो. पीठ बदललं तर वेग बदलतो. चक्कीच्या कणकेत कोंडा असतो, त्यातल्या खनिजांनी स्टार्टर जोमात येतं, मात्र ब्रेड मैद्याइतका उंच आकार धरत नाही. खपली गव्हाने चव फार सुंदर येते, पण त्याचं ग्लुटेन कमजोर, म्हणून पाव बसका होतो. या गोष्टी वाचून कळतात, पण बोटांना आणि नाकाला कळायला महिने लागतात.

आपल्याकडच्या घरांची अडचण वेगळी आहे. युरोप-अमेरिकेची पुस्तकं पंचवीस अंशांच्या खोलीतलं वेळापत्रक देतात. एक भाग जुनं स्टार्टर, एक भाग पाणी, एक भाग पीठ, आणि सहा-आठ तास वाट. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हेच मिश्रण तीन तासांत चढून कोसळलेलं असतं. शिवाय यीस्टला सत्तावीस-अठ्ठावीस अंश मानवतात, तर लॅक्टिक जिवाणूंना त्याहून चार-पाच अंश जास्त. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात जिवाणू पुढे धावतात, यीस्ट मागे पडतं, आंबटपणा फार होतो आणि कणीक सैल पडते. यावर आपल्याकडच्या घरगुती बेकरांनी स्वतः वाट काढली. जुनं स्टार्टर अगदी कमी घ्यायचं, एकास पाच भाग पाणी आणि पाच भाग पीठ द्यायचं, थंड पाणी वापरायचं, दुपारी बरणी फ्रीजमध्ये आणि रात्री बाहेर.  या शहाणपणाचं श्रेय आपल्या स्वयंपाकघरांना आहे, आणि ते मोकळेपणाने द्यायला हवं.

दुसरी अडचण मनाची. दर वेळी खायला घालताना आधीचं अर्धंअधिक काढून टाकावं लागतं, नाहीतर बरणी घरभर वाढेल. आपल्या घरात अन्न टाकवत नाही. म्हणून ते काढलेलं पीठ धिरड्यात जातं, थालीपिठाच्या भाजणीत जातं, आंबोळीच्या पिठात मिसळतं. थोडी हळद, मिरची, कोथिंबीर घालून त्याची धिरडी फार कुरकुरीत होतात. ज्याच्या घरी स्टार्टर आहे त्याने ती जरूर करून पाहावीत.

ज्याची रोज चौकशी करावी लागते, त्याला माणूस नाव देतो. इंग्रजी मुलखात नटाच्या नावावर बेतलेलं ‘क्लिंट यीस्टवूड’ हे नाव इतक्या बरण्यांना आहे की मोजता येणार नाही. स्टॉकहोममध्ये तर एका दुकानाने सुट्टीवर जाणाऱ्यांच्या स्टार्टरसाठी हॉटेल चालवलं. पैसे भरा, बरणी ठेवा, तुमच्या मागे ते तिला खायला घालतील. आमच्या इमारतीत हीच सोय बिनपैशांची आहे. खालच्या मजल्यावरची मुलगी बरणी घेऊन वर येते आणि म्हणते, “काकू, मी माहेरी चाललेय, येईपर्यंत एवढं सांभाळाल? मधे एकदाच खायला द्या, जास्त लाड नकोत.” तिच्या बरणीला चिठ्ठी चिकटवलेली असते : किती पीठ, किती पाणी, आणि शेवटी ‘थँक्यू काकू’.

ही सांभाळण्याची रीत किती जुनी? रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून गेला आहे की लोक साधारणपणे आदल्या दिवशीच्या कणकेतला गोळा राखून ठेवतात आणि त्यानेच दुसऱ्या दिवशीची कणीक आंबवतात. आपल्या घरात विरजणाचं जे चालतं, तेच. फिनलंडमध्ये राईचा ब्रेड करणारी घरं मळायची लाकडी काठवट धूतच नसत. तिच्या भिंतींना चिकटून वाळलेली कणीक हेच पुढच्या वेळचं बीज. मिलानमध्ये नाताळचा पानेत्तोने करणारे बेकर आपलं आंबवण घट्ट गोळ्याच्या रूपात ठेवतात, कापडात गुंडाळून दोरीने करकचून बांधतात, आणि फार आंबट झालं तर किंचित साखर घातलेल्या कोमट पाण्यात त्याचे काप बुडवून काढतात. तो गोळा इतक्या जोराने फुगतो की सैल बांधला तर कापड फाडतो.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं झपाट्याने मागे पडलं. बिअर आणि मद्यार्काच्या कारखान्यांतून निवडक यीस्ट वेगळं काढून त्याच्या वड्या पाडायचं तंत्र व्हिएन्नाच्या परिसरात पक्कं झालं, आणि १८६८ मध्ये फ्लाइशमन बंधूंनी अमेरिकेत सिनसिनाटीला तो कारखाना काढला. वडी कालवली की दोन तासांत कणीक तयार. रात्रभर थांबायला नको, बरणीची चिंता नको. बेकऱ्यांनी ते आनंदाने स्वीकारलं, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पहाटे दोनला उठणाऱ्या कामगाराला थोडी झोप जास्त मिळाली. पण ज्यांनी आंबवण सोडलं नाही, त्यांचं मोल आता कळतं. पॅरिसमध्ये पिएर प्वालान यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या बेकरीत आजही आधीच्या घाण्यातली कणीक राखून पुढचा घाणा आंबवतात. सॅन फ्रान्सिस्कोत १८४९ मध्ये सुरू झालेल्या बूदँ बेकरीची कहाणी तर तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. १९०६च्या भूकंपात शहर पेटलं तेव्हा लुईझ बूदँ यांनी बादलीत घालून वाचवलं ते आंबवण, असं ते कुटुंब सांगत आलं आहे.

याच सॅन फ्रान्सिस्कोजवळ, अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेत, सुगिहारा आणि क्लाइन या संशोधकांनी १९७१ मध्ये तिथल्या आंबवणातला मुख्य जिवाणू ओळखला. त्याला शहराचंच नाव मिळालं, सॅनफ्रान्सिसेन्सिस. हा जिवाणू आणि त्याच्या सोबतचं यीस्ट यांचा संसार पाहण्यासारखा आहे. जिवाणू माल्टोज ही साखर खातो. यीस्टला माल्टोज पचत नाही, म्हणून दोघांत भांडण नाही. उलट जिवाणू माल्टोज फोडताना थोडं ग्लुकोज बाहेर सोडतो, त्यावर यीस्ट जगतं. जिवाणूचं आम्ल इतर यीस्टना मारतं, याला बाधत नाही. या जिवाणूचा जनुकसंच त्याच्या गोतावळ्यात फारच लहान आहे. आंबवणाबाहेर जगण्याची बरीच हत्यारं त्याने टाकून दिली आहेत. माणूस त्याला खायला घालतो, म्हणून तो आहे.

बरीच वर्षं समज असा होता की हा जिवाणू त्या शहराच्या धुक्यातला, तिथल्या हवेतला. तो खोटा ठरला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी चार खंडांतून गोळा केलेल्या पाचशे स्टार्टरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बरणी कुठल्या देशातली आहे यावरून आत कोण राहतं हे फारसं सांगता आलं नाही. सॅनफ्रान्सिसेन्सिस कितीतरी ठिकाणी सापडला. उलट, ज्यांच्याकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं ते ॲसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू जवळजवळ तीस टक्के स्टार्टरमध्ये निघाले. अशा बरण्यांना व्हिनेगरचा वास येतो आणि त्या सावकाश चढतात.

मग एकशे वीस वर्षांचं आंबवण म्हणजे नक्की काय? खरं सांगायचं तर आयोनबाईंच्या बरणीत १८९८ सालची एकही पेशी नाही. पिठाचा कणही त्या वेळचा नाही. प्रत्येक खेपेला नवं पीठ येतं, त्याबरोबर नवे जीव येतात, त्यांतले काही रुजतात, बहुतेक हरतात. कुळाचा धागा तुटत नाही, पण कूळ तेच राहतं असं छातीठोक म्हणता येत नाही. काही लोकांना हे कळल्यावर निराशा होते. मला उलट वाटतं. जुनेपणाचा मान जंतूंचा नाही हे एकदा मान्य केलं की तो योग्य जागी जातो. तो पणजोबांचा आहे, ज्यांनी खिंड ओलांडताना ते गोठू दिलं नाही. तो आयोनबाईंच्या आई मार्था यांचा आहे, ज्यांचा संसार युकॉन नदीकाठी फोर्ट सेलकर्कला होता, जिथे रस्ता नव्हता आणि वडील पोलिसांत होते. तो सिनेटच्या कामातून परतल्यावर बरणीचं झाकण उघडणाऱ्या लेकीचा आहे. एकशे वीस वर्षं कोणीतरी न चुकता खायला घातलं, ही गोष्ट निर्विवाद आहे, आणि मला तेवढी पुरते.

या नात्याची दुसरी बाजू मला अधिकच विलक्षण वाटते. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रॉब डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अनुभवी बेकरांना एकच पीठ पाठवलं आणि एकाच कृतीने घरी स्टार्टर बनवायला सांगितलं. मग त्या बेकरांना बेल्जियमला बोलावलं आणि बरण्यांबरोबर त्यांच्या हातांचेही नमुने घेतले. सामान्य माणसाच्या हातावर लॅक्टिक जिवाणूंचं प्रमाण अगदी थोडं असतं. या बेकरांच्या हातांवर ते सरासरी पाव हिस्सा निघालं, काहींच्या हातांवर तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. म्हणजे बरणी हाताने घडते आणि हात बरणीने. अमुकतमुक बाईच्या हाताला चव आहे असं आपण म्हणतो, त्यात निदान एवढा तरी शब्दशः अर्थ आहे.

त्या बेकरांना बोलावलं होतं ते सेंट विथला. पूर्व बेल्जियममधल्या या लहान गावात, जिथे जर्मन बोलतात, ‘प्युराटोस’ या बेकरी-साहित्य बनवणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये आंबवणांचं ग्रंथालय उघडलं. कार्ल दे स्मेट तिथला ग्रंथपाल. काचेच्या दारांचे फ्रीज, आत ओळीने बरण्या, तापमान चार अंश. जगभरची सव्वाशेहून जास्त आंबवणं तिथे आहेत, आयोनबाईंचंही आहे. दर दोनेक महिन्यांनी प्रत्येकाला खायला दिलं जातं आणि त्यासाठी पीठ मूळ मालकाकडचं मागवतात, त्याचा स्वभाव बदलू नये म्हणून. पिढी बदलली की दुकान बंद होतं, मुलं वडी वापरायला लागतात, आणि शंभर वर्षांचं आंबवण एका आठवड्यात नाहीसं होतं. अशा वेळी ही जागा मोलाची आहे. पण मनातली गोष्ट सांगते. ग्रंथालयातली बरणी म्हणजे ठेव. तिच्यातून रोज पाव होत नाही, तिच्यावरून कोणी शेजारणीला हाक मारत नाही. ठेव असावी, पण आंबवण खऱ्या अर्थाने टिकतं ते दुसऱ्याच मार्गाने, आणि तो मार्ग हवाईदलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने दाखवून दिला.

कार्ल ग्रिफिथ हे त्यांचं नाव, अमेरिकेच्या हवाईदलातले लेफ्टनंट कर्नल. त्यांची पणजी १८४७ मध्ये मिसुरीहून ओरेगॉनला गेली. त्या काळी हा प्रवास बैल जोडलेल्या गाड्यांच्या तांड्याने व्हायचा. सव्वातीन हजार किलोमीटर, चार-सहा महिने, वाटेत पटकी, नद्या, वाळवंट. तिच्याबरोबर निघालेलं आंबवण तिने ओरेगॉनला पोचवलं आणि ते घरात चालत राहिलं. कार्ल दहा वर्षांचे असताना ओरेगॉनच्या स्टीन्स डोंगरांत सापळे लावायला जात. तिथल्या मुक्कामांत त्यांनी या आंबवणाचा ब्रेड करायला शिकून घेतलं. भट्टी कुठली असणार? जमिनीत खड्डा खणायचा, त्यात सेजची झुडपं जाळून निखारे करायचे, आणि जाड लोखंडी झाकणाच्या भांड्यात कणीक घालून ते भांडं त्यात पुरायचं.

म्हातारपणी कार्ल यांनी एक साधी गोष्ट केली. जो कोणी स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवेल, त्याला ते आपलं आंबवण वाळवून त्याची चिमूटभर पूड परत पाठवत. फुकट. नाव विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. ओळखीच्यांना पाठवता पाठवता अनोळखी लोकांची पाकिटं यायला लागली. २००० साली कार्ल वारले. तेव्हा ज्यांना त्यांच्याकडून पूड मिळाली होती त्यांच्यातल्याच काहींनी ठरवलं की हे थांबू द्यायचं नाही. ‘कार्लचे मित्र’ असं नाव त्यांनी घेतलं. कोणी बरणी सांभाळायची, कोणी वाळवायचं, कोणी पाकिटं भरायची, असं काम वाटून घेतलं आणि त्याच अटीवर पूड पाठवत राहिले : पत्ता लिहिलेलं पाकीट आणि तिकीट.

या कामाचं मोठेपण नीट पाहावं. पणजीच्या प्रवासाची कथा असलेलं आंबवण हा विकण्याजोगा माल आहे. लोक ‘दीडशे वर्षं जुनं’ असं छापून तो विकतातही. ग्रिफिथ यांनी तो विकला नाही, आणि म्हणूनच तो आज जगभरच्या घरांत आहे. एका घरची बरणी फुटली, एखाद्या सुनेने चुकून घासून टाकली, एखाद्या उन्हाळ्यात बुरशी आली, तरी शेजारच्या गावात त्याचीच बहीण जिवंत असते. एका कपाटात जपलेलं आंबवण त्या कपाटाएवढंच सुरक्षित असतं.

२०२०च्या टाळेबंदीत हेच पुन्हा दिसलं. कितीतरी देशांत दुकानांतून यीस्ट नाहीसं झालं. कारखाने पुरेसं करत होते, पण घरगुती पाकिटं अपुरी पडली, कारण एकदम सगळेच ब्रेड करायला बसले होते. मग स्टार्टर हातोहात फिरली. कुंपणावर ठेवलेल्या वाट्यांतून, दाराच्या मुठीला टांगलेल्या पिशव्यांतून. आपल्याकडेही त्याच महिन्यांत अनेकांच्या घरी पहिली बरणी आली. त्यांतल्या कित्येक पुढे फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात विसरल्या गेल्या, हेही खरं. करड्या पाण्याखाली दोन-तीन महिने पडून राहिलेली बरणी बऱ्याचदा मेलेली नसते. गुलाबी, नारिंगी डाग किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली तर ती टाकलीच पाहिजे. तसं काही नसेल तर वरचं पाणी ओतून द्यावं, तळाचं चमचाभर घ्यावं, ताजं पीठ-पाणी द्यावं, आणि तीन-चार वेळा असं करून वाट पाहावी. बहुतेकदा ती उठते.

आंबवण हरवतं कसं याचा विचार करताना गोव्याचं उदाहरण मला सतत आठवतं. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात पाव गोव्यात आला, पण इथे आंबवायला त्यांच्याकडचं काही सोयीचं नव्हतं. गोव्याच्या पदेरांनी, म्हणजे पाव करणाऱ्यांनी, माडाची सूर वापरली. रेंदेर पहाटे माडावर चढून सूर उतरवायचा, ती ताजी सूर पदेराच्या कणकेत जायची, आणि सकाळी सायकलवर पोई, उंडो, कातरो पाव घरोघर पोचायचे. ही व्यवस्था फार सुंदर होती. तिच्यात बरणी राखायची गरजच नव्हती, कारण आंबवण रोज झाडावरून मिळत होतं. पण रेंदेर कमी झाले, माडावर चढणारी मुलं दुसऱ्या कामाला लागली, आणि सूर महाग व दुर्मिळ झाली. आज बहुतेक ठिकाणी पाकिटातलं यीस्टच वापरतात. पदेर आहे, भट्टी आहे, भोंगा वाजतो, पण सुरेची चव गेली. जिथे रेंदेर अजून माडावर चढतो तिथल्या पदेराने सुरेवर आंबवलेला पाव पुन्हा करावा आणि आपण तो चार पैसे जास्त देऊन घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्या रेंदेराला पोट भरण्याइतके पैसे मिळाले तरच ते शक्य आहे.

घरच्या बरणीसाठी मात्र कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. ज्यांच्याकडे जिवंत स्टार्टर आहे त्यांनी या दिवाळीत एक काम करावं. स्टार्टर चांगलं चढलेलं असताना दोन चमचे बटर पेपरवर अगदी पातळ पसरावं. उन्हात नको, भट्टीत नको, पंख्याखाली ठेवावं. एक-दोन दिवसांत त्याचा पापुद्रा होऊन सुटून येतो. तो हाताने चुरून कोरड्या डबीत ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. त्यातलं थोडं घरात ठेवावं, स्वतःची बरणी कधी गेलीच तर म्हणून. बाकीचं छोट्या पाकिटांत भरावं आणि फराळाच्या ताटाबरोबर ज्याला हवं त्याला द्यावं. पाकिटावर तुमचं पीठ कोणतं, ते कोणाकडून आलं आणि कोणत्या वर्षी, एवढं लिहावं. ज्याला मिळेल त्याने चमचाभर पूड तेवढ्याच कोमट पाण्यात तासभर भिजवावी, त्यात चमचाभर कणीक कालवावी, झाकण सैल ठेवावं, आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ थोडं काढून तेवढंच पीठ-पाणी द्यावं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतील. नाही दिसले तर आणखी दोन दिवस द्या, बरणी रिकामी करू नका.